फास्ट म्हणजे किती?

‘सिस्टीम वेगवान, सुरक्षित, वापरायला सोपी आणि सदैव उपलब्ध असावी.’

हे वाक्य माझं आहे. माझं म्हणजे आधीच्या प्रोजेक्टच्या कागदातून उचलून मी इथे चिकटवलेलं. तिथे ते कुठून आलं होतं देव जाणे. एकशे चाळीस पानांच्या रिक्वायरमेंटच्या दस्तऐवजात शेवटून दुसऱ्या पानावर, ‘नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट्स’ या मथळ्याखाली ते एकटंच बसलं होतं. खाली पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांची सही, मॅनेजरची सही, आमच्या बाजूने दोन सह्या. त्या बैठकीच्या इतिवृत्तात या पानाबद्दल एवढीच नोंद आहे: ‘सदर विषयावर चर्चा झाली.’ चर्चा झाली नव्हती. वडापाव आले होते.

नावातच घोळ आहे म्हणा. ‘अकार्यात्मक गरजा’ असं भाषांतर केलं तर बंद पडलेल्या पंपाची आठवण होते, म्हणून ऑफिसात आम्ही ‘एनएफआर’ म्हणून मोकळे होतो. ग्राहकाला वाटतं, नॉन-फंक्शनल म्हणजे जे नसलं तरी चालतं ते. ‘आधी फंक्शनल होऊ द्या मॅडम, ते नंतर बघू.’ पैसे जमा करणं, पावती देणं, व्याज काढणं हे फंक्शनल. ते किती वेळात, किती गर्दीत, कुणाच्या हातात आणि किती बिघाड सोसून करायचं, हे दुसरं. आयएसओ 25010 या मानकाने 2011 साली सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे आठ भाग पाडले, 2023 मध्ये त्यात ‘सेफ्टी’ची भर पडून नऊ झाले. ती यादी माझ्या टेबलासमोर चिकटवलेली होती. यादीत खोट नाही. पण ती शेवटी विशेषणांचीच यादी आहे, आणि माझं घोडं नेमकं विशेषणांपाशीच अडलं होतं.

पतसंस्था लालबागची. मुख्य काम पिग्मीचं. भुलेश्वर, मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, दादरचा फुलबाजार, अशा ठिकाणी तीनशे एजंट रोज फिरायचे. कुणी पन्नास देणार, कुणी शंभर, कुणी पाचशे. एजंट कार्डावर लिहून सही करणार आणि संध्याकाळी शाखेत येऊन भरणा करणार. हे सगळं आम्ही फोनवर आणत होतो. एका एजंटकडे साधारण ऐंशी खातेदार, म्हणजे दिवसाला चोवीस हजार नोंदी. मी गणित मांडलं: कामाचे दहा तास धरले तर मिनिटाला चाळीस, सेकंदाला एकसुद्धा नाही. आमच्या आर्किटेक्टने तो आकडा पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की इतक्याशासाठी मला का बोलावलं.

गणित बरोबर होतं. चुकलेलं होतं ते ‘दहा तास धरले तर’ एवढंच.

एजंट दिवसभर नोंदी पाठवतच नसत. मशीद बंदरच्या गाळ्यांमध्ये आत शिरलं की नेटवर्क जातं, भुलेश्वरच्या गल्लीत एका दुकानात असतं आणि शेजारच्यात नसतं. शिवाय डेटा स्वतःच्या खिशातला, बॅटरी दिवसभर पुरवायची. म्हणून त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की दिवसभर फोनवर नोंदी भरायच्या आणि रात्री आठ वाजता शाखेच्या पायऱ्यांवर उभं राहून ‘पाठवा’ दाबायचं. चोवीस हजार नोंदी आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात. मिनिटाला आठशे. माझ्या गणिताच्या वीसपट. हे तीनशेच्या तीनशे एजंटांना ठाऊक होतं. त्यांच्यातला एकही त्या बैठकीत नव्हता.

पहिले दोन महिने काही झालं नाही, हे आमचं दुर्दैव. झालं असतं तर लवकर सुटलं असतं. पंचाहत्तर दिवसांत अठरा लाख नोंदी साठल्या. प्रत्येक नवी नोंद चढवताना प्रोग्रॅम त्या खात्याची आधीची बेरीज शोधायचा, आणि खातेक्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी चटकन शोधायची सूची, टाकायचा राहून गेला होता. टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये मोजून दोन हजार नोंदी. तिथे इंडेक्स असला काय नि नसला काय. सुरुवातीला नोंदीला अर्धा सेकंद लागायचा, हळूहळू तीन लागायला लागले.

इथे एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी 1961 साली तो सिद्ध केला, म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. आत एका वेळी किती जण असतील? येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. टपरीपासून टोलनाक्यापर्यंत सगळीकडे तो लागू पडतो. सेकंदाला तेरा नोंदी येताहेत आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतोय, तर आत सहा-सात. तीन सेकंद लागायला लागले की एकोणचाळीस. आणि डेटाबेसकडे जाणाऱ्या खिडक्या आम्ही ठेवल्या होत्या वीस. उरलेल्या बाहेर उभ्या. बाहेरची रांग वाढते, रांगेतले कंटाळून पुन्हा पाठवतात, त्याने रांग आणखी वाढते. करी रोडच्या अरुंद पुलावर एक लोकल रिकामी व्हायच्या आत दुसरी आली की काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

रांग पहिल्यांदा अशी तुंबली त्या रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. ‘मॅडम, गोल फिरतंय.’ मागे एजंटांचा गलका ऐकू येत होता.

अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 रोजी सरकारची आरोग्यविम्याची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली होती. आमच्या धंद्यात ही गोष्ट एकमेकांचं सांत्वन करायला सांगतात. त्या रात्री मला तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

कारण मंदपणा ही खरी भानगड नव्हती. पोच आली नाही की फोनच्या पडद्यावर आमचा प्रोग्रॅम नम्रपणे म्हणायचा: ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ एजंटांनी केला. कुणी दोनदा, कुणी पाचदा. नोंद सर्व्हरवर पोचलेली असायची, फक्त पोच परत यायला उशीर झालेला असायचा. त्यामुळे फुलबाजारातल्या एका आजींच्या खात्यात त्या दिवशी शंभरऐवजी पाचशे जमा झाले, आणि एजंटच्या नावावर चारशे रुपयांची तूट. दोन दिवस आम्ही आणि पतसंस्थेचे दोन क्लार्क कार्डं आणि नोंदी समोर ठेवून ताडत बसलो. आजी मात्र प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एजंटला सांगितलं, बाबा रे, तू मला जास्त दिलेस.

त्या आठवड्यात मी मुलुंडला बाबांकडे होते. बाबा मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. ‘सर्व्हर फेल झाला’ एवढंच मी त्यांना सांगितलं. बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘फेल झाल्यावर तुमचं काय होतं? लाल की हिरवं?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी पेपरच्या कडेला दोन रेघा मारल्या. हे दोन रूळ. रुळांत बारीकसा करंट सोडलेला असतो. तो पलीकडे पोचला की तिथला रिले, म्हणजे करंटवर चालणारा खटका, वर उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट मधूनच वळतो, रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल. आता गाडी नाही, पण वायर तुटली. रिले पडला, लाल. बॅटरी उतरली, लाल. पावसात रुळांत पाणी भरलं, करंट पाण्यातून पळाला, तरी लालच. हिरवा राहायला सगळं ठीक असावं लागतं. लाल व्हायला काहीही पुरतं.

‘लोक म्हणतात सिग्नल फेल झाला,’ बाबा म्हणाले. ‘अरे, फेल कुठे झाला? त्याने त्याचं काम केलं.’ 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, ते कुर्ल्याला ड्यूटीवर होते. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. बोललेच तर रिलेबद्दल बोलतात.

आमचा ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ म्हणजे बिघडल्यावर हिरवा होणारा सिग्नल होता. पैसे पोचले की नाही हे प्रोग्रॅमला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना तो पुढे जा म्हणत होता. दुरुस्ती तशी छोटीच. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक सर्व्हरकडे दहा वेळा आला तरी एकदाच धरायचा. आयडेम्पोटन्सी असं त्याला भारदस्त नाव आहे. पतसंस्थेच्या कॅशियरला सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे पावती नंबर. तो नव्हता?’ त्याच्या आवाजात जे होतं ते मी अजून विसरलेले नाही.

इंडेक्स टाकला, खिडक्या वाढवल्या, पावती नंबर आणला. पण ते वाक्य त्या पानावर तसंच होतं, आणि आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, मला एका एजंटबरोबर दिवसभर फिरायचंय.

मिळाले ते काका एकोणीस वर्षं भुलेश्वर-क्रॉफर्ड मार्केट पट्ट्यात पिग्मी करत होते. ते पुढे, मी मागे. पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की आमचा राखाडी अक्षरांचा देखणा पडदा उन्हात दिसतच नाही. काका फोनवर तळहाताची सावली धरून रक्कम टाकत होते. एका हातात फोन, दुसऱ्यात नोटा, काखेत छत्री. म्हणजे बटण अंगठ्याने दाबता आलं पाहिजे, नि तेही घामेजलेल्या. ‘वापरायला सोपी’ असं मी लिहिलं होतं ना, ती ही.

मग सुरक्षितता. आमच्या सिक्युरिटीवाल्यांनी दोन मिनिटं हात लागला नाही की लॉगआउट, असा नियम घातला होता. कागदावर उत्तम. पण एका दुकानातून दुसऱ्यात जायला, रामराम घालायला, चहाला नको म्हणायला काकांना चार मिनिटं लागतात. ऐंशी खातेदार, ऐंशी वेळा पासवर्ड. काकांनी यावर तोडगा काढला होता: पासवर्ड फोनच्या कव्हरवर मागच्या बाजूने पेनाने लिहिलेला. सुरक्षित आणि सोपी ही दोन विशेषणं मी एकाच वाक्यात स्वल्पविराम देऊन शेजारी बसवली होती. भुलेश्वरात ती एकमेकांच्या उरावर बसलेली होती. शेवटी आम्ही चार आकडी पिन ठेवला, आणि भरणा न करता फोनवर किती रकमेपर्यंत नोंदी घेता येतील याला मर्यादा घातली. फोन चोरीला गेला तर नुकसान किती, हे आधी ठरवून टाकलं. सिक्युरिटीवाले अजूनही माझ्यावर नाराज आहेत.

आणि मराठी. पतसंस्थेचा आग्रह होता की मेसेज मराठीत जावा, आणि तो रास्तच होता. पण एसएमएसची पिशवी 140 बाइटची असते. तिच्यात साधी इंग्रजी अक्षरं 160 मावतात, देवनागरी 70. वेलांट्या, काने, अनुस्वार सगळे वेगळे मोजून 70. ‘आपल्या खात्यात रुपये शंभर जमा झाले, धन्यवाद’ म्हणेपर्यंत पिशवी बरीचशी भरते. खातेक्रमांक आणि शिल्लक घातली की दुसरी लागते. म्हणजे रोजचे चोवीस हजार मेसेज दुप्पट भावाने. चेअरमनसाहेबांना ‘धन्यवाद’ काढायचा नव्हता. तासभर त्यावर चर्चा झाली, आणि ही मात्र खरोखर झाली.

नावांचंही तेच. नावाच्या रकान्याला आम्ही पन्नास बाइट दिले होते. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे सोळा चिन्हांत नाव संपलं पाहिजे. समजा कुणी ‘ज्ञानेश्वर पांडुरंग’ असेल तर आमचा प्रोग्रॅम बिनबोभाट ‘ज्ञानेश्वर पांडुर’ एवढ्यावर थांबायचा. आडनावाची तर बातच सोडा. टेस्टिंगमध्ये सगळ्यांची नावं ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ होती. ती बसली.

या फेरीनंतर मी प्रश्न विचारायची पद्धत बदलली. ‘किती सेकंदांत व्हायला हवं?’ याला जगातला प्रत्येक ग्राहक ‘लगेच’ म्हणतो. म्हणून मी मॅनेजरना विचारलं, किती वेळ गोल फिरलं की तुम्ही मला फोन कराल? ते हसले, मग विचार करून म्हणाले, पाच सेकंदांपर्यंत एजंट गप्प असतात. हा आकडा. चेअरमनसाहेब म्हणाले होते, सिस्टीम शंभर टक्के चालू पाहिजे. मी त्यांना 99.9 टक्क्यांचा हिशोब दाखवला: वर्षात पावणेनऊ तास बंद. त्यांना ते किरकोळ वाटलं. मग म्हटलं, साहेब, हे पावणेनऊ तास दुपारी तीनला आले तर कुणाला कळणारही नाही. पण रात्री आठ ते साडेआठमध्येच आले तर वर्षातल्या सतरा संध्याकाळी भरणा होणार नाही. साहेब एकदम सरळ बसले. त्यानंतर चार नऊ, म्हणजे 99.99, हवं असेल तर वर्षाला साधारण त्रेपन्न मिनिटं, आणि त्यासाठी दुसरा सर्व्हर, दुसरी जागा, त्याचा खर्च, असा कागद पुढे ठेवला. साहेब पुन्हा मागे टेकले. आठ ते साडेआठला एक नियम आणि बाकी दिवसाला दुसरा, यावर तोड निघाली.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच: सर्व्हर गेला, तर किती नोंदी कायमच्या गेलेल्या चालतील? हे विचारलं की माणसं दुखावतात. एकही नाही, असंच म्हणतात. आणि सर्व्हर कुठे होता? संस्थेच्या तळमजल्यावर, तिजोरीच्या खोलीशेजारी, कारण सगळ्यात सुरक्षित जागा तीच. हिंदमाताला पाणी भरतं हे मुंबईत शेंबड्या पोरालाही माहीत, आणि हिंदमाता तिथून हाकेच्या अंतरावर. एकशे चाळीस पानांत ‘पाऊस’ हा शब्द नव्हता. सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर नेला आणि रोजच्या नोंदींची प्रत मुंबईबाहेर ठेवायला लागलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, अगदी वेळेवर.

नवं पान असं झालं: ‘रात्री आठ ते साडेआठ या वेळात तीनशे एजंट एकाच वेळी नोंदी पाठवत असताना, शंभरातल्या पंचाण्णव नोंदींना 2 सेकंदांच्या आत आणि उरलेल्यांना 5 सेकंदांच्या आत पोच मिळावी. पोच न मिळाल्यास एकही रक्कम दोनदा चढू नये.’ सरासरी मुद्दाम लिहिली नाही. सरासरीने पाहिलं तर लोकलमध्येही बसायला जागा मिळते. रिकाम्या परतणाऱ्या गाड्याही तिच्यात धरलेल्या असतात. रेल्वेने मात्र आपल्या गर्दीला नाव आणि आकडा दोन्ही दिलंय: ‘सुपर डेन्स क्रश लोड’, उभ्या माणसांसाठी चौरस मीटरला चौदा ते सोळा. नाव वाचून हसू येतं, पण ज्याने डब्याची आखणी करायची त्याला ‘डबा प्रशस्त असावा’पेक्षा ते बरं.

आता ही कामं करून घेणं हे वेगळंच दुखणं. हल्ली आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या हप्त्यांनी काम करतो आणि शुक्रवारी ग्राहकाला डेमो देतो. नवं बटण दाखवता येतं. न आलेली कोंडी कशी दाखवणार? ‘बघा साहेब, काहीच झालं नाही’ याला टाळ्या मिळत नाहीत. म्हणून मी एकच हट्ट धरला. अठरा लाख नोंदी भरलेल्या डेटाबेसवर, तीनशे खोट्या फोनांनी एकदम ‘पाठवा’ दाबून पाहिल्याशिवाय कुठलंही काम ‘झालं’ म्हणायचं नाही. टीममधल्या पोरांनी त्या टेस्टचं नाव ‘आठची लोकल’ ठेवलंय. मला विचारलं नाही, पण आवडलं.

गेल्या महिन्यात मुलुंडला बाबांच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची सभा होती. चार मजल्यांची बत्तीस घरांची इमारत पाडून तिथे बावीस मजले येणार. मी बाबांना धरून न्यायला गेले होते. दोन तास कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं आणि पार्किंग. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर जिम दाखवली, गच्चीवरची बाग दाखवली. शेवटी बाबा काठी टेकत उभे राहिले.

‘लिफ्ट किती?’

‘दोन आहेत काका. एकदम फास्ट.’

‘फास्ट म्हणजे किती? सकाळी साडेआठला, शाळेची पोरं आणि ऑफिसवाले एकदम निघाल्यावर, अठराव्या मजल्यावरच्या माणसाने किती मिनिटं थांबायचं? आणि एक बंद असली तर?’

बिल्डरचा माणूस लॅपटॉपवर काहीतरी शोधू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘नाना, आधी एरियाचं होऊ द्या, ते नंतर बघू.’ सेक्रेटरी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होते. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, त्यांची वही मला दिसत होती. त्यांनी लिहिलं: ‘लिफ्टबाबत चर्चा झाली.’

मी उठून त्यांच्याकडे पेन मागितलं.